चेक परत आला तर

अरे, गिऱ्हाईक 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणतंय म्हणून थांबून राहू नकोस. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात पडला की ३० दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे. स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. व्हॉट्सॲपवरच्या विनवण्यांवर विसंबू नकोस. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या (चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारा कायदा) कलम १३८ खाली कोर्टात तक्रार.

मी एकदा भिडेपोटी चार महिने घालवले. चेकची ३ महिन्यांची मुदत होती तोवर तो पुन्हा बँकेत भरता आला असता, नव्या मेमोवर नवी नोटीसही देता आली असती. तेही राहिलं. मग उरला दिवाणी दावा, म्हणजे नुसत्या तारखा!