जुळा, हमशकल की तोतया?

एका वाचकाने विचारले आहे की, रहस्यपटाचे परीक्षण लिहिताना हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या पात्रासाठी ‘जुळा’, ‘हमशकल’ आणि ‘तोतया’ यांपैकी कोणता शब्द योजावा आणि हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतील का. माझ्या मते ते चालत नाहीत. ‘जुळा’ हा शब्द जन्माविषयी सांगतो, ‘हमशकल’ चेहऱ्याविषयी आणि ‘तोतया’ दाव्याविषयी. या प्रकारच्या रहस्यपटात प्रेक्षकाला आधी फक्त चेहरा दिसतो, त्यावरून तो दाव्याबद्दल तर्क करीत राहतो आणि जन्माची हकिकत बहुधा शेवटी कळते; म्हणून परीक्षणात चुकीचा शब्द पडला तर कधी कथा चुकीची सांगितली जाते, तर कधी रहस्यच फुटते.

‘जुळे’ हा शब्द संस्कृत ‘युगल’शी नाते सांगणारा आहे आणि त्याचा मूळ भर जोडीवर आहे, साम्यावर नाही. दोन वेगळ्या बीजांडांपासून जन्मलेली भावंडे इतर कोणत्याही भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी असू शकतात; एक मुलगा आणि एक मुलगी असली तरी ती जुळीच असतात. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या जुळ्यांचे चेहरे मात्र चकवतात, तरी त्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात, हे रहस्यकथेतल्या तपास अधिकाऱ्याला नेहमीच उपयोगी पडते. व्याकरणाच्या दृष्टीने ‘जुळा भाऊ’, ‘जुळी बहीण’, ‘जुळी भावंडे’ हे प्रयोग सरळ आहेत. ‘तो तिचा जुळा आहे’ हे वाक्य मात्र कानाला अपुरे वाटते. तेथे ‘जुळा भाऊ’ असेच म्हणावे.

‘हमशकल’ मराठीत हिंदी चित्रपटांच्या वाटेने आला. त्यातला फारसी ‘हम’ हा संस्कृत ‘सम’चा सगोत्र आहे आणि ‘शक्ल’ हा आकार किंवा रूप या अर्थाचा अरबी शब्द आहे. तोच अरबी शब्द मराठीत पूर्वीच येऊन ‘शक्कल’ झाला आणि युक्ती या अर्थाने स्थिरावला, तर ‘शकल’ म्हटल्यावर मराठी वाचकाला संस्कृतातला तुकडा आठवतो, ज्याची ‘शकले उडतात’. त्यामुळे चेहरा या अर्थाची ‘शकल’ मराठीत रुजली नाही. ‘हमशकल’ कळतो सर्वांना, पण गंभीर परीक्षणात मी तो टाळतो, कारण ‘त्याच तोंडवळ्याचा’, ‘हुबेहूब तसाच दिसणारा’ असे आपले प्रयोग तेवढेच नेमके आहेत आणि त्यांतून जन्माबद्दल किंवा हेतूबद्दल काहीही सूचित होत नाही.

सर्वाधिक गोंधळ ‘तोतया’बद्दल होतो. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे ‘मीच भाऊसाहेब’ म्हणणारा माणूस उभा राहिला. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. या प्रकरणामुळे ‘तोतया’ म्हटले की चेहऱ्याचे साम्य असणारच, असा अनेकांचा समज झालेला दिसतो. तो बरोबर नाही. वर्तमानपत्रांत आपण ‘तोतया पोलीस’, ‘तोतया डॉक्टर’, ‘तोतया उमेदवार’ हे शब्द वाचतो. तोतया पोलीस कोणासारखाच दिसत नसतो, तो फक्त नसलेले पद आपले म्हणून सांगतो. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या ४१६व्या कलमात तर असे स्पष्टीकरण होते की, ज्या व्यक्तीची बतावणी केली ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा घडतोच. म्हणजे तोतयाला मूळ माणूस असण्याचीही गरज नाही.

हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्ये (१९५८) हा अर्थ अगदी काटेकोरपणे लागू पडतो. ज्या स्त्रीवर नजर ठेवण्याचे काम माजी गुप्तहेराला मिळते, ती त्याच्या मित्राची पत्नी नसून तिची बतावणी करणारी आहे. खऱ्या पत्नीला तो ओळखतच नसल्यामुळे फसतो. पुढे तीच स्त्री आपल्या खऱ्या नावाने भेटते, तेव्हा तो तिला ‘तिच्यासारखी दिसणारी’ समजतो. तोतया ती पहिल्या भागात आहे, तर दुसऱ्या भागातले साम्य केवळ त्याच्या समजुतीत आहे, कारण माणूस एकच आहे. येथे ‘जुळी’ किंवा ‘हमशकल’ लिहिणे ही सरळ चूक ठरेल.

याच्या उलट ‘पाठलाग’ (१९६४) पाहा. राजा परांजपे यांच्या या मराठी चित्रपटावरून पुढे ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. वकिलाची पत्नी वारली, असे सारे समजतात आणि पोलिसांनी पकडलेली दरोडेखोरांच्या टोळीतली एक स्त्री, जी हुबेहूब तिच्यासारखी दिसते, ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगते. हिंदी चित्रपटात ती न्यायालयात नवरा-बायकोंखेरीज कोणाला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी सांगू लागते, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात ‘तोतया’ हा शब्द डळमळू लागतो. परीक्षणकर्त्याने तिला ‘तोतया पत्नी’ म्हटले, तर शेवट कळल्यावर ते विधान खोटे ठरते, कारण ती खरोखरच पत्नी असते. आणि ‘जुळी बहीण’ हे दोन शब्द लिहिले, तर उलगडाच हातात देऊन टाकला, असे होते. असा सर्व कोंडीचा प्रसंग ‘पत्नीसारखी दिसणारी आरोपी’ या एका शब्दयोजनेने टळतो.

इंग्रज गुप्तहेरकथालेखक रॉनल्ड नॉक्स यांनी १९२९ साली गुप्तहेरकथेचे जे दहा नियम सांगितले, त्यांतला शेवटचा नियम असा की, वाचकाला आधी रीतसर तयार केल्याखेरीज जुळे भाऊ किंवा सारखे दिसणारे लोक कथेत आणू नयेत. ‘द डार्क मिरर’ (१९४६) या इंग्रजी चित्रपटाने ती तयारी इतक्या लवकर केली आहे की, त्याच्या परीक्षणात ‘जुळ्या बहिणी’ असे बिनदिक्कत लिहावे: साक्षीदार चेहरा ओळखतात, पण दोघींपैकी कोण हे कोणालाच सांगता येत नाही, हाच तेथे पेच आहे.

‘दुहेरी भूमिका’ हा शब्द मात्र या तिन्हींहून वेगळ्या पातळीवरचा आहे. तो नटाबद्दल बोलतो, पात्रांबद्दल नाही. म्हणून ‘नायिकेची दुहेरी भूमिका’ हे श्रेयनामावलीत ठीक असले तरी रहस्यपटाच्या परीक्षणात जपून वापरावे. पडद्यावर दोन व्यक्ती आहेत की एकच आहे, हेच कोडे असेल, तर या शब्दाने त्याचे उत्तर आपोआप देऊन टाकलेले असते.