बदनापूरचं घर विकून शहरात फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न: शेंद्रा एमआयडीसीत नोकरी, हातात ४६ हजार येतात. बदनापुरात स्वतःचं घर आहे, कर्ज नाही. बायको घरीच ब्लाउज, पिको-फॉल करते, महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. मी रोज बाइकवर अप-डाऊन करतो. रात्री आठला गावातली शटरं पडतात, करमत नाही. मुलगी जूनमध्ये पाचवीला जाईल. घराचे २२ लाख येतील, असं एजंट म्हणतो. घराला नमुना आठ (घरपट्टीचा उतारा) आहे, एनए (बिगरशेती परवानगी) नाही. विमा म्हणून तीन लाखांची मनीबॅक पॉलिसी आहे. संभाजीनगरला पैठण रोडवर ४२ लाखांचा टूबीएचके पाहिलाय. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका. निदान हा फ्लॅट तरी नको.

तुमचं पत्र वाचल्यावर आधी अंतर मोजलं. बदनापूर ते शेंद्रा सत्तावीसएक किलोमीटर. पैठण रोडवरून शेंद्रा बावीस-चोवीस, तेही बीड बायपासच्या गर्दीतून. तीन-चार किलोमीटर वाचावेत म्हणून वीस वर्षांचा हप्ता? अप-डाऊन तर तिथूनही चुकणार नाहीच.

आता हिशेब. फ्लॅट ४२, शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी मिळून तीन लाख धरा. घराचे २२ आले तरी २३ लाखांचं कर्ज उरतं. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता जवळपास २० हजार, म्हणजे बँकेला एकूण ४८ लाख. वर सोसायटीचा मेंटेनन्स. आज तुमचा जाण्यायेण्याचा खर्च किती? दिवसाला ५४ किलोमीटर, २६ दिवस, गाडीचं अॅव्हरेज ५० आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर तीन हजारांच्या आत. सर्व्हिसिंग, टायर धरून चार हजार म्हणा.

बिल्डरच्या माणसाने 'कर्जाच्या व्याजावर कर वाचतो' असं सांगितलं असेलच. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तसाही कर लागत नाही. तुमचा पगार त्याच्या निम्माच आहे, वाचवायचं काय?

आणि ते २२ लाख. तुम्ही लिहिलंय की घराला नमुना आठ आहे, एनए नाही. अशा घरावर बँका कर्ज द्यायला कचरतात, त्यामुळे गिऱ्हाईक रोख पैसेवालंच लागतं, आणि रोखवाला भाव पाडूनच मागतो. मी तर १७-१८ लाखच धरून चालेन. तसं झालं तर कर्ज २७ लाखांवर, हप्ता साडेतेवीस हजार. एकदा विकलं की त्या गावात पुन्हा तसं घर बांधणं होत नाही.

पण मला खटकलं ते वेगळंच. वहिनींच्या कमाईला पत्रात एक ओळ आहे आणि त्यांच्या मताला तीही नाही. त्यांची गिऱ्हाइकं गल्लीतली, ओळखीवर आलेली. पैठण रोडच्या सहाव्या मजल्यावर फॉल लावायला कोण येणार? सुरुवातीचं वर्षभर तरी ते नऊ हजार शून्य समजा. ४६ हजारांतून हप्ता आणि मेंटेनन्स गेला की २४ हजारांत शाळा, व्हॅन, किराणा, दवाखाना. शिवाय शहरात नळाला रोज पाणी येत नाही, सोसायटीला टँकर लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

करमत नाही म्हणता, ते मात्र मला पटतं. कॉलेजला असताना मीही जालन्याहून अप-डाऊन केलंय, मराठवाडा एक्सप्रेसच्या दारात उभं राहून. तेव्हा जालना मला मेलेलं गाव वाटायचं. परीक्षेच्या सुट्टीत घरी थांबलो तर दुपारी चारला आमच्याच ओट्यावर पाच बाया शेवया करत बसलेल्या. मी तोवर गावात नुसता झोपायला येत होतो. तुमचंही सकाळी सातला निघणं आणि अंधारात परतणं चाललंय. या महिन्यात हक्काच्या रजेतले दोन-तीन दिवस घरी काढून बघा.

तरीही शहरात जायचंच असेल तर घर न विकता जा. चिकलठाणा-मुकुंदवाडीकडे, म्हणजे शेंद्र्याच्या बाजूला, अकरा महिन्यांच्या करारावर दहाएक हजारांचं घर बघा. बदनापूरचं घर भाड्याने द्या, पण त्यातून फार अपेक्षा नको. तालुक्याच्या गावात नोकरदार माणूस उलट शहरातूनच अप-डाऊन करतो. वहिनींचा जम बसला, मुलीला शाळा मानवली, तर पुढच्या वर्षी विकत घेण्याचं बोलू. घर विकून दोन वर्षांच्या आत दुसरं घेतलं तरी भांडवली नफ्यावरच्या कराची सवलत मिळते, त्यामुळे करासाठी घाई नाही. तेव्हा फ्लॅट वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो, पण विकलेलं घर तुमच्या नावावर असेल तर वरची कराची सवलत त्यात अडकू शकते, आधी सीएला विचारा. ४२ लाखांवर ४२ हजार. आणि पाचवीच्या शाळेसाठी जालना वीसएक किलोमीटरवर आहे, तेही एकदा बघून या.

एक काम मात्र याच आठवड्यात. जालना रोडवर रात्री बाइक चालवणाऱ्या माणसाकडे फक्त तीन लाखांची मनीबॅक पॉलिसी असणं मला झोपू देणार नाही. किमान ७५ लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ जीवन विमा, आणि वेगळा अपघात विमा घ्या. प्रीमियम किती येतो ते कळवा, आणि सोबत वहिनी काय म्हणाल्या तेही.