वनरक्षक भरती की ग्रामसभेचं जंगल?

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातला, पावरा समाजाचा. यंदा वनस्पतिशास्त्रात बीएस्सी झालो. आमच्या पाड्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा जंगलावरचा हक्क, मिळालाय, पण पुढे काहीच हललं नाही. मला त्यात काम करायचंय. घरचे म्हणतात, वनरक्षक भरतीची तयारी कर. ताई, या कामावर पोट भरतं का?

उत्तर : भरतं, भाऊ. मी साक्री तालुक्यातली, कोकणी समाजाची. ग्रामसभांना वनव्यवस्थापनाचे आराखडे करायला मदत करणं, यावरच माझं घर चालतं. भरतीचा फॉर्म जरूर भर, घरच्यांची काळजी खोटी नाही. पण वनरक्षक झालास तर तुझं बीट, म्हणजे राखायचा जंगलाचा तुकडा, वनखातं ठरवणार, बदलीही खातंच करणार.

2006च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. त्यासाठी तिने समिती नेमायची, समितीने आराखडा करायचा. समिती कागदावर होते, आराखडा लिहायला मात्र कुणी बसत नाही. तिथे तुझी गरज आहे.

आधी म्हाताऱ्यांना घेऊन हद्द फिर. जीपीएसवर बिंदू टिप, पण प्रत्येक नाल्याचं, टेकडीचं नाव त्यांच्या तोंडून ऐकून लिही. बायका सोबत हव्यातच. कोणत्या मोहाखाली कोणाचं घर वेचतं, हे त्यांनाच ठाऊक. मोहाचंच बघ. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आग चढावर पसरते आणि सालई-चारोळीची रोपं जळून जातात. नुसत्या बंदीच्या ठरावाने हे थांबत नाही, कारण त्या फुलांवर घरचं मीठ-तेल येतं. आमच्याकडे एका पाड्यावर बायकांनीच तोड काढली : पाला खराट्याने ओढून बाजूला करायचा आणि खाली जुनी लुगडी अंथरायची. आराखड्यात मी ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. चारोळीचंही तसंच. आपण थांबलो तर दुसरा नेईल, या धास्तीने कच्ची फळं ओरबाडतात, फांद्या मोडतात. ग्रामसभेने तोडीची तारीख ठरवून ती सगळ्यांना लावली की धास्ती कमी होते.

आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला एकदा जाऊन ये, वनभाजी स्पर्धेच्या वेळी गेलास तर उत्तम. चैत्राम पवार एम.कॉम. होऊन गावातच राहिले, गावाने कुऱ्हाडबंदी पाळली. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिकून गावात राहणं म्हणजे वाया जाणं नव्हे, हे घरच्यांनाही तिथे दिसेल.

आता पैशाचं. मला सुरुवातीला एका संस्थेने सांगितलं, 'तुमच्याच समाजाचं काम, मानधन कशाला?' बाहेरून आलेल्या सल्लागाराला मात्र रोजाचा दर ठरलेला होता. याचा राग मला आजही येतो. आदिवासी पोराचं ज्ञान फुकट आणि बाहेरच्याचं विकत, हे अजिबात मान्य करू नकोस. काम, मुदत आणि मेहनताना ठरावात लिहून घे.

दिवाळीनंतर तुमच्याकडची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मग वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी आणि त्यात एकतृतीयांश बायका जमवणं अवघड. म्हणून बैठक दिवाळीआधी घे, नाहीतर होळीला सगळे परततात तेव्हा. तोवर अधिकारपत्राची प्रत आणि नकाशा मिळव आणि कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर) व क्षेत्र जुळतंय का ते तपास. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज आधी, आराखडा नंतर.