शिबिराहून परतल्यावर बाराव्या दिवशी

प्रश्न: मी ३६ वर्षांची. गेल्या महिन्यात चार दिवसांच्या निवासी व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला गेले. सकाळी सहा ते रात्री साडेबारा सत्रं, फोन जमा. तिसऱ्या रात्री 'ओझं उतरवा' म्हणून फोन हातात दिले. मी धाकट्या बहिणीला झोपेतून उठवून सांगितलं, 'मी तुला माफ केलं.' ती म्हणाली, 'कशाबद्दल?' तेव्हापासून ती धड बोलत नाही. घरी आठवडाभर मी हवेत होते. बाराव्या दिवशी मुलावर पूर्वीसारखीच ओरडले. वहीत २३ संकल्प आहेत, टिकला एकही नाही. संयोजक म्हणतात, हा तुमचा आतला विरोध आहे, दुसरी पातळी केलीत की जाईल. तिची फी तिप्पट आहे, शिवाय तीन माणसं आणायची. चुकतंय ते माझंच का?
— वाऱ्यावरची

उत्तर:

बाराव्या दिवशी ओरडलात यात नवल काहीच नाही. सवय जेवढी अंगात असते तेवढीच जागेत, वेळेत आणि समोरच्या चेहऱ्यांत मुरलेली असते. शिबिरात वाटेत टाकलेलं दप्तर नव्हतं, ऑफिसचे फोन नव्हते. चिडायला निमित्तच नव्हतं. त्यात अपुरी झोप, दिवसभराची सत्रं, सगळ्यांसमोर रडणं आणि वर टाळ्या. अशाने कुणालाही भरून येतं. ते खोटं नसतं, पण त्या खोलीबाहेर फार टिकत नाही.

'आतला विरोध' या शब्दाकडे मात्र नीट बघा. फरक पडला तर शिबिराचं यश आणि नाही पडला तर तुमचा विरोध, असा तो हिशेब आहे. त्यात शिबिर कधी नापासच होत नाही. मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या, सगळ्यांसमोर मन मोकळं करायला लावणाऱ्या अशाच गटांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. काहींना फायदा झाला होता, काहींचं मानसिक नुकसान. आणि आक्रमक, सतत डिवचणाऱ्या म्होरक्यांच्या गटांत नुकसान जास्त होतं.

आता वही. एका बैठकीत २३च्या २३ संकल्प वाचा. 'कधीच', 'नेहमी', 'सगळ्यांशी' हे शब्द असलेले खोडा. जे पाळायला दुसऱ्याने बदलावं लागतं, तेही खोडा. चार-पाच उरतील. त्यातला एकच घ्या आणि बाकीची पानं स्टेपल करून टाका. सगळे एकदम धरले की एक मोडतो, मग 'आता काय उपयोग' म्हणून उरलेलेही त्याच दिवशी सुटतात.

त्या एकाला प्रसंगाची खुंटी ठोका. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी हे 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशा वाक्यात बसवलं. 'मी चिडणार नाही' याला धरायला काही नाही. 'दारात दप्तर दिसलं की मी आधी पर्स जागेवर ठेवीन, हातपाय धुईन, मगच मुलाशी बोलेन' याला आहे. मधली दोन मिनिटं हाच सगळा उपाय. २१ दिवसांत सवय लागते हे मात्र विसरा. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात (२०१०) साधी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस असा अंदाज निघाला, मध्यक (म्हणजे ओळीतला मधला आकडा) ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. म्हणून कॅलेंडरवर फक्त जमलेल्या दिवसांवर खूण करा, चुकलेल्यांवर फुली नको.

बहिणीचं काम सगळ्यात नाजूक. न मागितलेली माफी म्हणजे समोरच्याच्या डोक्यावर आधी गुन्हा ठेवणं. 'ओझं', 'मोकळं होणं', 'पूर्ण करणं' हे शिबिराचे शब्द तिच्यासमोर नकोत. समोरासमोर भेटा आणि एवढंच म्हणा: 'त्या रात्री तुला उठवून मी जे बोलले, ते चुकलं. तू घाबरली असशील. तुला काही विचारायचं असेल तर मी ऐकते.' मग खरंच गप्प बसा. जुना राग कशाचा होता ते तिने विचारलं तरच सांगा, तेही एकाच प्रसंगापुरतं.

दुसऱ्या पातळीला आत्ता नाही म्हणा. ९० दिवस जाऊ द्यात. तोवर एक संकल्प टिकला तर पुन्हा विचार करा. फोन आला की कारणं देऊ नका, प्रत्येक कारणावर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. 'सध्या मी येणार नाही,' हेच वाक्य न बदलता तीनदा. 'आजच भरलंत तर सवलत' म्हणाले, तर ती तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. पुढे जायचंच झालं तर आधी विचारा: मध्येच उठून जाता येतं का, पैसे परत मिळण्याची अट लेखी आहे का, मानसिक आजार आणि औषधांची माहिती घेतात का, प्रशिक्षित समुपदेशक हजर असतो का. एकाचंही उत्तर गोलमोल आलं तर विषय संपला.

तीन माणसांची नावं देऊ नका. बहिणीचं तर मुळीच नको.

आणि एक, घाईचं. झोप तीन-चार तासांवर आली असूनही थकवा वाटत नसेल, डोक्यात विचारांची रांग थांबत नसेल, भास होत असतील किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर संयोजकांना नव्हे, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी गाठा. कुठलं औषध चालू असेल, तर ते कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.