जेट बोट, उंची आणि इंजिनाचा दम : वाचकांचे प्रश्न

आमच्या क्लबची पेट्रोल इंजिनाची जेट बोट मांडव्याहून पानशेतला आणली. डिसेंबरात सकाळी सुसाट पळते. एप्रिलच्या दुपारी मात्र चार माणसं बसली की नाक वर करून नुसती पाणी ढकलते. मेकॅनिक म्हणतो, उंचीचा परिणाम. पुण्याची उंची ती किती? (कोथरूड)

मेकॅनिकचं म्हणणं अर्धं खरं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, पानशेत त्याहून थोडं वर. एवढ्या चढाला हवा पाच-सहा टक्के विरळ होते. पण उरलेला दोष उन्हाचा. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंश तापमान असतं आणि एप्रिलच्या दुपारी ४०. तेवढ्या फरकाने हवेची घनता आणखी नऊ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे मांडवा ते पानशेत या चढापेक्षा डिसेंबर ते एप्रिल हा फरक मोठा! प्रमाण तापमान धरलं तर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर जेवढी हवा असते, तेवढीच आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी इंजिनाला मिळते. महाबळेश्वरच्याही थोडं वर गेल्यासारखं समजा.

इंजिनाच्या खोलीतला गरम वारा एअर फिल्टरपर्यंत जात असेल तर आधी ते थांबवा. बाहेरची हवा थेट आत येईल असा पाइप द्या. हा खर्च फार नाही. आणि दुपारच्या फेरीला एक माणूस कमी बसवा.

आमची सर्वेक्षणाची जेट बोट लेहजवळ सिंधू नदीत नेली. समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलला ४,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) मिळत होते, तिथे ३,४०० च्या वर काटा जाईना. हवा विरळ झाली की ओझंही कमी व्हायला नको का? (वारजे)

विमानाचा पंखा हवेतच फिरतो, त्यामुळे वर गेल्यावर त्याचं ओझंही हलकं होतं. तुमच्या बोटीचा इंपेलर, म्हणजे पाणी ओढून मागे फेकणाऱ्या पंपातलं पात्यांचं चाक, पाण्यात फिरतो, आणि पाणी लेहलाही तेवढंच जड असतं. इंजिन हवा खातं, पंप पाणी उचलतो. उंचीवर गेल्यावर यातलं एकच बदलतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

आता हिशेब मांडू. लेहजवळ नदीचं पात्र सुमारे ३,२०० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७३ टक्के. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळपास त्याच प्रमाणात पडतो. पंपाला लागणारा टॉर्क आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून इंजिन आणि पंप यांचा मेळ आता खालच्या आरपीएमवर बसतो. ०.७३ चं वर्गमूळ ०.८५, चार हजाराला त्याने गुणा, ३,४०० येतात. तुमचा काटा अगदी खरं सांगत होता.

यात नुकसान दुहेरी आहे. हवेमुळे २७ टक्के शक्ती जाते, आणि इंजिन आपल्या आरपीएमपर्यंत पोचतच नसल्याने आणखी अकराएक टक्के. पहिली गेलेली शक्ती सहज परत मिळत नाही, दुसरी मिळते : कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला), कमी शक्ती खाणारा इंपेलर बसवा. पंप बनवणाऱ्यांच्या तक्त्यात एकाच पंपासाठी असे वेगवेगळे इंपेलर दिलेले असतात. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुन्हा ४,००० च्या जवळ गेलं की निवड बरोबर झाली. बोट पुण्याला परत आल्यावर मात्र जुना इंपेलर लावल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. कमी पिचच्या इंपेलरवर इंजिन मर्यादेबाहेर पळेल.

इंजिन फ्युएल इंजेक्शनचं आहे. मग उंचीची काळजी ईसीयू (इंजिनाचा संगणक) घेत नाही का? (पिंपळे सौदागर)

मिश्रणाची घेतो, शक्तीची नाही. दाब मोजून तो पेट्रोल कमी करतो, म्हणून धूर होत नाही, प्लग काळे पडत नाहीत. पण नसलेली हवा तो आणणार कुठून? कार्ब्युरेटरच्या जुन्या बोटींना तेवढंही होत नाही. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, लहान करावा लागतो. आणि खाली उतरताना तो आठवणीने बदला. लहान जेटवर दाट हवेत मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोक इंजिनात त्याने पिस्टन जळतो.

डिझेल टर्बो इंजिन घेतलं तर प्रश्न मिटेल? (चिंचवड)

बराचसा. विरळ हवेत टर्बो अधिक वेगाने फिरून तूट भरून काढतो, पण त्याच्या वेगालाही मर्यादा आहे. त्यापुढे शक्ती कमी करूनच इंजिन चालवायचं असतं. कंपनीच्या पुस्तकात ती उंची लिहिलेली असते, ती विकत घेण्याआधी वाचा. दम कमी पडला म्हणून डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. तसं अजिबात करू नका. हवा नसताना वाढवलेलं डिझेल काळा धूर होऊन जातं, एग्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बोच जातो.

उंचीवर थ्रॉटल दाबला की पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतो. पाणी आत घेणारी जाळी साफ आहे. (खडकी)

हे कॅव्हिटेशन असण्याची शक्यता मोठी. इंपेलरकडे पाणी ढकलण्याचं काम वातावरणाचा दाब करतो. समुद्रसपाटीला तो १०.३ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, पुण्यात सुमारे ९.७, लेहजवळच्या नदीत जेमतेम ७. दाब कमी म्हणजे पात्यांच्या मागे पाण्याची वाफ लवकर होते. ते बुडबुडे फुटताना आवाज येतो आणि पात्यांवर बारीक खड्डे पडतात. हिमनदीचं पाणी थंड असल्याने थोडी मदत होते, पण दाबाची तूट त्यापेक्षा फार मोठी आहे.

बोट जागची हलत नसताना एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की हे सर्वांत जास्त होतं. हळूहळू द्या, वेग घेऊ द्या. मग इंपेलर आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं झिजणारं कडं) यांतली फट मोजा. उन्हाळ्यात सिंधूचं पाणी वाळूने भरलेलं असतं, ती वाळू ही फट वाढवते. इंपेलरच्या पुढच्या कडा बोथट झाल्या असतील तर घासून नीट करा.

१९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटींनी गंगेतून वर गेले होते. त्या बोटी विरळ हवेमुळेच थांबल्या का? (आकुर्डी, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

नाही. गंगासागरहून निघालेल्या त्या बोटी न्यूझीलंडच्या हॅमिल्टन पंपांच्या होत्या. नंदप्रयागजवळ धबधब्याने त्यांची वाट अडवली. तिथली नदी हजार मीटरच्या आसपास, म्हणजे हवेची घनता नव्वद टक्क्यांच्या पुढे. एवढ्याने ती इंजिनं थकली नसती. पुढे पायी चढताना विरळ हवेने आजारी पडले ते स्वतः हिलरी, आणि त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावं लागलं. तुमच्या प्रोजेक्टसाठी खरा विषय त्या आधीच्या प्रवासात आहे : उताराच्या, खडकाळ नदीत प्रवाहाविरुद्ध चढायला किती जोर लागतो आणि इंपेलर कोणता निवडावा. खडकवासल्याच्या स्थिर पाण्यात बोट दोराने बांधून, दोराला ताणकाटा लावून, वेगवेगळ्या आरपीएमला जोर मोजा. एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. तापमान आणि हवेचा दाब दोन्ही वेळा लिहून ठेवा.