काकवीची तार तुटेपर्यंत

मिरज, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. गलक्यात ऐकू येईना म्हणून मीच ओरडून विचारलं, "बेडका घट्ट आहे का पातळ?" मेथी निवडणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग फोन आवरता घेतला. राहिलेलं आता निवांत लिहितो.

घट्ट नमुना आला की सीबीनॅट, म्हणजे बेडक्यात क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारं तुझ्या लॅबमधलं मशीन, एरर देतं, नमुना भरायचं कार्ट्रिज वाया जातं आणि वर बोलणी खावी लागतात, असं तू म्हणालीस. पुढं म्हणालीस, "पातळ नमुने मात्र कसे सुरळीत जातात, सर." मला काळजी वाटली ती या दुसऱ्या वाक्याची. पाण्यासारखा पातळ, वर फेस असलेला नमुना म्हणजे बहुतेक वेळा नुसती लाळ. कार्ट्रिजमधलं कंट्रोल, म्हणजे तपासणी नीट चालली का हे सांगणारी खूण, लाळेतही पास होतं, कारण ते कार्ट्रिजमध्ये आधीच घातलेलं असतं, रुग्णाकडून आलेलं नसतं. स्क्रीनवर 'नॉट डिटेक्टेड' येतं आणि माणूस खोकत घरी जातो. तेव्हा डबी हातात आली की आधी ती उजेडात धर. लाळ असेल तर रुग्ण दारात आहे तोवरच त्याला चूळ भरायला लाव, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खाकरायला सांग. पिवळट, दाट, डबीच्या तळाला चिकटून बसलेला बेडका आला तर कपाळाला आठ्या नकोत. आपल्याला हवा तो नमुना हाच.

तो इतका चिवट का असतो? कफातल्या म्युसिन या चिकट प्रथिनाचे लांब धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. त्यात मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए मिसळतो, तोही चिकटच. जंतू या गुंत्यात कुठंतरी अडकलेले असतात, सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार लागतात. साधं कार्ट्रिज सुमारे १३१ वर पकडतं, अल्ट्रा हे जास्त तीक्ष्ण कार्ट्रिज तर १६च्या आसपास. पण जंतू असलेली गाठ पिपेटमध्ये, म्हणजे नमुना उचलायच्या नळीत, आलीच नाही, तर मशीन कितीही तीक्ष्ण असून काय उपयोग?

आता हाताचं काम. नमुन्याच्या दुप्पट रिएजंट, म्हणजे बेडका पातळ करणारं द्रावण. कमी नाही, आणि 'फारच घट्ट आहे' म्हणून जास्तही नाही. बाटलीत ८ मिली असतं, म्हणजे ४ मिलीपर्यंतच्या नमुन्याला पुरतं. झाकण घट्ट लावून दहा-वीस वेळा जोरात हलव आणि १५ मिनिटं ठेव. मधे, पाच ते दहा मिनिटांच्या दरम्यान, पुन्हा एकदा तसंच हलवायचं. सगळ्यांची चूक होते ती इथंच. रजिस्टर भरायला बसलं की हे दुसरं हलवणं हमखास विसरतं. १५ मिनिटांनी डबी तिरकी करून बघ. तू गुऱ्हाळावर काकवी बघितली आहेस. काकवी ओतताना तार धरते, तसं डबीतलं काही धरत असेल, कडेला गुठळी घरंगळत असेल, तर अजून पाच-दहा मिनिटं दे. पाण्यासारखं सरळ वाहिलं की मग पिपेटच्या खुणेपर्यंत, २ मिली, हळू सोड. बुडबुडे नकोत. भाकरीचा कण दिसला तर तो पिपेटमध्ये येऊ द्यायचा नाही.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलो नाही. एका गळीत हंगामात ऊसतोड टोळीतल्या एका माणसाचा नमुना आला होता, अगदी डिंकासारखा. त्या दिवशी तेरा डब्या होत्या, मी घाईत होतो. मधलं हलवणं टाळलं आणि १५ मिनिटांनी न बघताच भरून टाकलं. मशीननं एरर २००८ दाखवला, म्हणजे आतला दाब वाढला. कार्ट्रिज गेलं. उरलेलं द्रावण पुरेसं नव्हतं, म्हणून नवीन नमुना मागवला. मुकादमाला फोन केला तर टोळी फड संपवून दुसऱ्या तालुक्यात गेलेली. तो माणूस परत आमच्याकडे आला नाही. एररचा आकडा मला आजही पाठ आहे, त्याचं नाव मात्र आठवत नाही, आणि याचीच जास्त लाज वाटते.

पुढं तुला कल्चरच्या, म्हणजे जंतू ट्यूबमध्ये वाढवून बघायच्या, कामाला घालतील. तिथं मात्र हीच १५ मिनिटं उलटी वागतात. कार्ट्रिजला जंतूचा डीएनए पुरतो, कल्चरला जंतू जिवंत लागतो. तिथं एनएएलसी हे रसायन कफाचे दुवे तोडतं आणि कॉस्टिक सोडा इतर जंतू मारतो. वेळ कमी पडली तर भलतेच जंतू वाढून ट्यूब बिघडते. जास्त झाली तर क्षयाचा जंतूही मरतो, आणि ४२ दिवस वाट बघून हाती रिकामी ट्यूब येते. 'अजून पाच मिनिटं ठेवू' ही सवय त्या खोलीत नेऊ नकोस. एनएएलसीचं द्रावण रोजच्या रोज ताजं कर, कालचं कामाला येत नाही.

आणि गुडघ्यातलं पाणी पेशी मोजायला आलं तर ते पातळ करायला ॲसिटिक ॲसिड घेऊ नकोस, जागच्या जागी दही होतं. त्याला हायलुरोनिडेज हे एन्झाइम लागतं. हे विषयाबाहेरचं झालं, पण एकदा एका पोरानं माझ्यासमोर केलं होतं, म्हणून लिहिलं.

तुझे सर

ता. क. सोबत माझा टायमर पाठवतोय. पाचाचं बटण जरा रुसतं, दाबून धरावं लागतं. मी नेहमी दोनदा लावायचो: आधी सात मिनिटांचा, मग आठचा.