मीटर वाचणारा आणि तुझे पन्नास फोटो

प्रिय पोरी,

पन्नास फोटो मिळाले, दोनदा पाहिले. त्यातल्या एकवीस फोटोंत सुरकुतलेले म्हातारे आहेत. मोजले मी. फोल्डरला नाव दिलंयस ‘चीनचे सामाजिक प्रश्न’. आधी ते नाव काढ.

तू हेफेईत डॉक्टरकी शिकतेस. त्याच शहरात लिऊ ताओ नावाचा माणूस घरोघरी पाण्याचे मीटर वाचायचं काम करत आला. कामाच्या आगेमागे कॅमेरा घेऊन तो त्याच त्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षं हिंडला. जाहिरातीतलं चित्र आणि पुढून जाणारा माणूस यांची अशी गाठ घालतो की आधी हसू फुटतं, मग पोटात काहीतरी हलतं. तुझ्या पन्नासांत मला एकदाही हसू आलं नाही. गरीब माणसं चोवीस तास गंभीर नसतात गं.

तुझ्याच आन्हुई प्रांतातली दुसरी गोष्ट. 1991 साली शिए हायलुंग यांनी चिनचाय तालुक्यातल्या एका शाळेत पेन्सिल धरलेल्या, मोठ्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो काढला. खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा उभारणाऱ्या ‘होप’ प्रकल्पाचा तोच चेहरा झाला, देशभरातून मदत आली. फोटो थोरच आहे. पण तेव्हापासून जो तो मोठे डोळे शोधत हिंडतो. शिए यांनी त्याआधी आणि नंतर डोंगरातल्या किती शाळा पालथ्या घातल्या, ते कुणी बघत नाही.

मीही यातूनच गेलोय. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईचा फोटो मी मोठ्या ऐटीत तिला नेऊन दाखवला. ती म्हणाली, “निस्तं तोंडच काढलंय व्हय? कोपी कुठाय?” ज्या पाचटाच्या झोपडीत ती सहा महिने संसार करत होती, तीच मी चौकटीबाहेर ठेवली होती.

तुझ्या चौकटीबाहेर राहिलेली कोपी म्हणजे हुकौ, तिथली सरकारी रहिवास-नोंदणी. माणसाची नोंद कुठल्या गावची, यावर मुलांची शाळा आणि दवाखान्याचा खर्च बराचसा अवलंबून. 1958 पासूनची ही व्यवस्था आता बरीच सैल झाली, तरी 2020 च्या जनगणनेत नोंदीच्या गावाबाहेर राहणारे सुमारे 37.6 कोटी निघाले. हे चेहऱ्यावर कसं दिसणार? शांघायला गेलीस तर शनिवार-रविवारी पीपल्स पार्कात जा. आईबाप उघड्या छत्र्यांवर कागद लावून बसलेले असतात: मुलाचं वय, उंची, पगार, घर आणि हुकौ कुठलं. आपल्या वधू-वर सूचक मंडळातल्या फायली आठवतील. त्या कागदावरची एक ओळ तुझ्या एकवीस म्हाताऱ्यांपेक्षा जास्त बोलते. पण ती वाचता आली पाहिजे, नाहीतर तुला नुसती रंगीत छत्री मिळेल. म्हणून लेन्स नको घेऊस, अक्षरं शीक. भिंतीवर गोलात रंगवलेलं ‘छाय’, म्हणजे ‘पाडा’, हे अक्षर तुझ्या चार फोटोंत आहे. ते हजारोंनी काढून झालंय. त्याच्याखाली अजून कुणी वाफेवरचे पाव विकत असेल, तर त्याचं गिऱ्हाईक बघ.

आणि विचारून काढ. पूर्वी तिथे परवानगीशिवाय कुणाची छबी वापरून पैसे कमावायला मनाई होती. 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या नागरी संहितेत, काही अपवाद सोडता, संमतीशिवाय छबी काढणं, वापरणं, प्रसिद्ध करणं हे सगळंच आलं. तू तर व्हिसावर राहतेस. वॉर्डातला एकही फोटो मला पाठवू नकोस, रुग्ण हो म्हणाला असला तरी.

तेहतीस नंबरचा फोटो मात्र ठेव. चपला शिवणारी बाई मोबाइलवर कुणाशी तरी भांडतेय आणि गिऱ्हाईक एका पायावर उभं आहे. तिला त्याची प्रत नेऊन दे. मग पुढच्या महिन्यात तिचेच सहा पाठव, पन्नास नकोत.

तुझा,
काका